डब्यावर ‘सैरंध्री’ लिहिलंय, पण आत नेमकी कुठली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. ठाण्यात चरईतलं तुमचं जुनं घर रिडेव्हलपमेंटला गेलंय, पोटमाळा रिकामा करताना पणजोबांची ट्रंक निघाली. पणजोबा मूळचे कोल्हापूरचे, तरुणपणी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणाऱ्यांच्या हाताखाली काम करायचे. ट्रंकेत एक गंजलेला पत्र्याचा गोल डबा आहे, झाकणावर पुसट अक्षरात ‘सैरंध्री’, आणि खाली जुन्या जाहिरातींचे कागद आणि काही फोटो. तुम्हाला चार गोष्टी हव्यात: हा बाबुराव पेंटरांचा १९२० चा हरवलेला मूकपट असेल का, तो ‘कीचकवध’ नाटकावरून काढला होता म्हणजे नाटकच शूट केलं होतं का, घरी प्रोजेक्टरवर लावून बघता येईल का, आणि किंमत किती येईल.

मी लॅबमध्ये प्रिंट चेकिंगला लागले होते, पुढे जुन्या फिल्म तपासणं, दुरुस्त करणं, कुठली फिल्म कुठली ते ओळखणं हेच काम झालं, आता रिटायर होऊन ऐरोलीत असते तरी लोक डब्यांचे फोटो पाठवत असतात. त्यामुळे उत्तर तुमच्या क्रमाने देत नाही, जे आधी करायला हवं ते आधी.

डबा उघडला नसेल तर उघडू नका. उघडला असेल तर फिल्म सोडवून बघत बसू नका, झाकण अलगद ठेवून द्या, दाबून बंद करू नका. १९५० च्या आसपासपर्यंत थिएटरात चालणारी ३५ एमएमची फिल्म बहुतेक सगळी नायट्रेट बेसवर यायची आणि नायट्रेट म्हणजे जवळपास स्फोटकाच्याच जातीचं रसायन. ती जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्याच आतून सुटतो, म्हणून एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहते, आणि धूर विषारी असतो. चांगल्या अवस्थेतली नायट्रेट फिल्म उगाच पेटत नाही, पण कुजायला लागलेली फिल्म बंद डब्यात ४० अंशाच्या आसपास बरेच दिवस राहिली तर ठिणगीशिवाय पेटू शकते. आता आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याखालचा पोटमाळा डोळ्यासमोर आणा. घाबरवायचं नाहीये, इतकी वर्षं काही झालेलं नाही, पण आता घर पाडायचंय, सामान हलणार, कुणीतरी ट्रंक टेम्पोत उन्हात ठेवणार, गॅस सिलिंडरच्या शेजारी ठेवणार, म्हणून सांगतेय.

त्यामुळे डबा घरातल्या सगळ्यात गार, हवेशीर आणि अंधाऱ्या खोलीत ठेवा, स्वयंपाकघर आणि देवघर सोडून. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, हवाबंद डब्यात घालू नका. लोक प्रेमाने अगदी तेच करतात आणि तेच सगळ्यात वाईट, कारण फिल्म कुजताना जो वायू सुटतो तो आतच कोंडला की कुजणं आणखी जोरात चालतं. घरच्या फ्रिजमध्येही नको. लोकलने पुण्याला घेऊन जातो वगैरे मनात आणू नका, ट्रेनमध्ये ज्वालाग्राही वस्तू नेणं गुन्हा आहे, आणि कुरिअरने पाठवणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. आणि हो, एक तुकडा कापून काडी लावून बघायचा एक प्रकार इंटरनेटवर फिरत असतो, नायट्रेट आहे का ते कळतं म्हणे. कळतं, पण तो प्रकार घरात करू नका. घरी प्रोजेक्टरवर लावायच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. नायट्रेट असेल तर अजिबात नाही, आणि नसेल तरी शंभर वर्षांत आकसलेली फिल्म प्रोजेक्टरच्या दातऱ्यांवर पहिल्याच फुटात फाटत जाते.

वास मात्र आपोआप येईल, तो सांगा. आंबट, लोणच्याच्या बरणीत व्हिनेगर सांडल्यासारखा वास असेल तर ती नायट्रेट नाही, नंतरच्या काळातली अॅसिटेट फिल्म आहे, म्हणजे पेटण्याची भीती फारशी नाही पण मग १९२० ची प्रिंट असण्याची शक्यताही जवळपास संपली. नाकात झोंबणारा, उग्र, कुबट असा वास आणि डब्याच्या आतून लालसर गंजाची पूड, फिल्मचा रंग मधासारखा, कडा चिकट झालेल्या, असं असेल तर नायट्रेट. वर बुडबुडे आलेत किंवा सगळा गोळाच झालाय असं दिसलं तर हात लावू नका, थेट फायर ब्रिगेडला विचारा.

आता कुठली ‘सैरंध्री’ ते बघू. एकच सैरंध्री नाहीये. १९२० ची बाबुरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची, ती तुमच्या मनात आहे. मग १९३३ ची प्रभातची, व्ही. शांताराम यांनी काढलेली, बोलपट, मराठी आणि हिंदी दोन्हीत, आणि ती रंगीत करायच्या हौसेने प्रिंट काढायला जर्मनीपर्यंत नेली होती, रंग काही मनासारखे उतरले नाहीत. प्रभात सुरू झाली १९२९ मध्ये, आणि तीही कोल्हापुरातच, पुण्याला गेली नंतर, शिवाय प्रभातचे दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे सगळे बाबुरावांच्याच कंपनीत तयार झालेले. म्हणजे कोल्हापूर, पेंटर मंडळी, सैरंध्री एवढ्या खुणा दोन्हींना लागू पडतात. आणि तिसरी शक्यता, जी मी प्रत्यक्षात सगळ्यात जास्त बघितलीय, डबा एका सिनेमाचा आणि आत दुसराच. त्या काळी पत्र्याचा डबा फेकायची वस्तू नव्हती. ‘सैरंध्री’ लिहिलेल्या डब्यात लग्नाची सोळा एमएम फिल्म निघाली तरी मला आश्चर्य वाटणार नाही. तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याकडून आलेल्या डब्यावर झोकात एका पौराणिक बोलपटाचं नाव होतं आणि आत साबणाच्या जाहिरातीच्या चार-पाच प्रती निघाल्या.

डबा आधीच उघडला गेला असेल तर रीळ न उलगडता हे बरंचसं ओळखता येतं, बंद असेल तर हे सगळं आर्काइव्हच्या माणसावर सोडा. आधी रुंदी. रिळाच्या वरून पट्टीने मोजा, ३५ मिलिमीटर आहे की १६. सोळा एमएम ही १९२३ मध्ये आली आणि ती पहिल्यापासून घरगुती वापरासाठी म्हणून सेफ्टी फिल्मवरच, म्हणजे सहज न पेटणाऱ्या फिल्मवरच बनायची, त्यामुळे सोळा निघाली तर निर्धास्त व्हा आणि थोडे निराशही व्हा. मग बाहेरचा सुटा शेपूट, जो आपोआप लोंबतोय तेवढाच, पांढऱ्या कागदापुढे धरून मोबाईलने फोटो काढा, फ्लॅश नको, मागे बल्ब नको, खिडकीचा उजेड पुरतो. त्यात मला तीन गोष्टी बघायच्यात. चित्राची चौकट दोन्ही बाजूंच्या भोकांपर्यंत पूर्ण पसरलीय का. मूकपटात तशी असते, बोलपटात एका कडेला आवाजाची बारीक पट्टी येते, नागमोडी किंवा आडव्या रेघांची. पट्टी असली तर १९२० ची बाद, नसली तर १९३३ ची बाद. दुसरं, कडेवरची अक्षरं. ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असं इंग्रजीत छापलेलं असतं, कंपनीचं नाव असतं, आणि कोडॅकची फिल्म असेल तर गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात, त्या फिल्म कुठल्या साली बनली ते सांगतात. १९२० ला दोन चौकोन. पण लगेच उड्या मारू नका, ही खूण वीस वर्षांनी परत यायची, म्हणजे १९४० लाही दोन चौकोन आणि १९६० लाही. शिवाय ती कच्च्या फिल्मची तारीख, शूटिंगची नाही, आणि जुन्या निगेटिव्हवरून नवी प्रिंट काढली तर जुनी खूणही फोटोसारखी तिच्यावर उतरते. कडेची खूण पांढरी उतरलीय की काळी यावरून आम्ही ते वेगळं करतो, ते माझ्यावर सोडा. तिसरं म्हणजे रंग. सबंध फ्रेम पिवळसर, निळी किंवा गुलाबी रंगवलेली दिसली तर मला फोन करा, रात्र झाली असली तरी. रात्रीचा सीन निळा, दिव्याच्या उजेडातला पिवळा असा रंगवायची पद्धत मूकपटांची.

आता नाटकाचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण या प्रश्नात लोक नेहमी गल्लत करतात.

नाटकावरून मूकपट म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो १९१२ चा ‘श्री पुंडलिक’. दादासाहेब तोरण्यांनी रंगभूमीवरचं नाटकच कॅमेऱ्यासमोर करवून घेतलं, गिरगावात कॉरोनेशन थिएटरला १८ मे १९१२ ला लागलं, तेही आज हरवलंय. ते खरोखर नाटकाचं शूटिंग होतं आणि म्हणूनच पहिला भारतीय सिनेमा तो की फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा वाद अजून चालू असतो. ‘सैरंध्री’ची गोष्ट वेगळी. बाबुरावांनी ‘कीचकवध’चं कथानक घेतलं, नाटक घेतलं नाही, आणि घेता येणंही शक्य नव्हतं.

का ते सांगते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ ला महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. ‘मानापमान’वाले तेच खाडिलकर, पुढे ‘नवाकाळ’ काढणारे, पण त्या वेळी ‘केसरी’त टिळकांच्या हाताखाली. गोष्ट विराटपर्वातली: पांडव अज्ञातवासात, द्रौपदी सैरंध्री नावाने राणीची दासी, राणीचा भाऊ कीचक तिच्यामागे लागतो, बल्लव बनून स्वयंपाकघरात राबणारा भीम त्याला मारतो. पण १९०७ मध्ये थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की मदांध कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, थांबा थांबा म्हणणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. सरकारलाही कळलं, जरा उशिरा. १९१० ला बंदी आली. लंडनच्या ‘टाइम्स’च्या व्हॅलेंटाइन चिरोलने हिंदुस्थानातल्या असंतोषावर पुस्तक लिहिलं त्यात या नाटकाची मुद्दाम दखल घेतली, आणि त्याच पुस्तकातल्या मजकुरावरून टिळकांनी त्याच्यावर लंडनला बदनामीचा खटला भरला आणि हरले.

आता हे लक्षात घ्या की ‘कीचकवध’ गद्य नाटक आहे. गाणी नाहीत. त्या काळी मराठी प्रेक्षक रात्र रात्र संगीत नाटकं ऐकणारा, त्याला गाण्याशिवाय खुर्चीला खिळवून ठेवायचं तर सगळा भार बोलण्यावर. नाटकाची ताकद भाषणांत होती आणि बंदीही त्या भाषणांमुळेच आली. आणि हे नाटक घेऊन कोणी काय करतंय, तर मूकपट! म्हणजे जे धोक्याचं होतं ते सगळं काढून टाकलं की उरतं काय? पडद्यावर लिहून येणारी सात-आठ शब्दांची टायटल कार्डं, अंग, चेहरा, डोळे आणि मारामारी.

माझं मत असं की बाबुरावांना नेमकं तेच हवं होतं. हा माणूस बोलण्यातला नव्हताच. बाबुराव मेस्त्री, पडदे रंगवून रंगवून आडनाव पेंटर पडलं. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव, दोघांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, फाळक्यांचा सिनेमा बघून सिनेमाचं वेड लागलं, परदेशी कॅमेरा घ्यायला पैसे नाहीत म्हणून कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ ला गेले, बाबुरावांनी दामल्यांच्या मदतीने तो पुढे पुरा केला. कंपनीला सुरुवातीचा पैसा गायिका तानीबाई कागलकरांनी दिला. आता गंमत बघा, आयुष्यभर रंगवलेले पडदे विकून जगलेला माणूस सिनेमात आल्यावर पहिलं काम काय करतो तर पडदाच काढून टाकतो. चित्रातल्या खांबाच्या जागी खराखुरा खांब, ज्याच्या मागे माणूस लपू शकतो, ज्याची सावली पडते. शूटिंगच्या आधी पात्रं, कपडे, सीन सगळं स्केच करून ठेवायचे. भीम बाळासाहेब यादव, कीचक झुंझारराव पवार. आणि रंगभूमीवर जिथे बायकांची कामं पुरुष करत होते तिथे यांनी दोन बायका उभ्या केल्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई, पडद्यावरची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी. १९२० मध्ये सिनेमात काम करायचं म्हणजे त्या बायकांना घरात, गल्लीत काय काय ऐकावं लागलं असेल ते सांगायला नको. फाळक्यांना ‘हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवावी लागली त्याला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. नाटकातली सैरंध्री साडी नेसलेला पुरुष, सिनेमातली खरी बाई, आणि कीचक तिचा हात धरतोय. थिएटरात काय झालं असेल? नाटकाच्या कुठल्याही भाषणाने झालं नसेल असं काहीतरी, एवढं मी पैजेवर सांगते.

‘सैरंध्री’ पुण्यात ‘आर्यन’ला लागला ७ फेब्रुवारी १९२० ला. चिरोल खटल्यात हरून टिळक १९१९ च्या शेवटी विलायतेहून परत आले होते. त्यांनी सिनेमा बघितला आणि बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. ज्यांच्या छायेत हे नाटक लिहिलं गेलं आणि ज्यांच्या राजकारणामुळे ते दाबलं गेलं त्या माणसाने त्याच गोष्टीचा मुका अवतार डोळ्यांनी बघितला, आणि त्याच ऑगस्टमध्ये ते गेले.

मग सेन्सॉर. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा झाला होता, त्याखाली १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसली. ‘सैरंध्री’तला कीचकाच्या वधाचा सीन इतका अंगावर येणारा होता की थिएटरात लोक किंचाळायचे, आणि तो सीन सेन्सॉरच्या नजरेत आला. सहसा सांगतात की क्रूर दिसत होतं म्हणून. मी मात्र हे दोन्ही शेजारी ठेवून बघते: नाटकातलं भाषण बंद केलं, तर सिनेमात भाषणच नाही, तिथे भीमाच्या हाताखाली कीचक मरताना दिसतो एवढंच आहे, आणि तरी कात्री लावावीशी वाटली. तेरा वर्षांत मराठी प्रेक्षक कीचक म्हणजे कोण हे विसरला असेल असं मला वाटत नाही. तो सीन त्यांनी कसा केला असेल याचा माझा अंदाज विचाराल तर कॅमेरा मध्येच थांबवून, माणसाच्या जागी पुतळा ठेवून परत हँडल फिरवायचं, त्या काळची सर्रास युक्ती, पण इथे पुतळा बनवणारा माणूस स्वतः उत्तम शिल्पकार होता, तेवढा फरक.

(मद्रासकडे नटराज मुदलियारांनी १९१८ च्या सुमारास याच गोष्टीवर ‘कीचक वधम’ काढला होता. तोही हरवलाय.)

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, नाटक शूट केलेलं नव्हतं. डब्यातून कोणी रंगमंचावर ओळीने उभं राहून हातवारे करताना दिसलं, मागे सुरकुतलेला पडदा, तर ती बाबुरावांची ‘सैरंध्री’ नसणार.

हरवला कसा? त्याला एक कारण नसतं. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या वर सिनेमे निघाले, आज तीसेक उरलेत, त्यातले बरेच तुकड्यांत. प्रत्येक सिनेमाच्या मोजक्या प्रिंट निघायच्या, त्या गावोगाव फिरायच्या, तंबूत, जत्रेत, प्रोजेक्टरवर घासून घासून चाळणी व्हायच्या. बोलपट आले, १९३१ नंतर मुका सिनेमा कोण लावणार, मग गोडाऊनचं भाडं कशाला भरायचं. फिल्ममध्ये चांदी असते, ती काढून घ्यायला रिळं जाळली, धुतली, आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या झाल्या. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या लाइनमध्ये चांदी काढणारे लोक कायम घुटमळत असायचे, किलोवर भाव ठरायचा. आणि आगी. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या व्हॉल्टला जानेवारी २००३ मध्ये लागलेली आग तर अगदी आपल्या डोळ्यांदेखतची.

तरी डबे निघतात. ‘बिल्वमंगल’, १९१९ चा, मदन कंपनीचा, कलकत्त्याचा. सगळ्यांनी सोडून दिला होता, तो पॅरिसच्या सिनेमाथेक या फिल्म संग्रहालयात निघाला आणि २०१६ मध्ये त्यातला ५९४ मीटरचा भाग पुण्याच्या आर्काइव्हला मिळाला. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला सोळा फ्रेमच्या आसपास धरला तर अर्ध्या तासाच्या थोडं वर. तुमचा डबा नेहमीच्या हजार फुटी आकाराचा असेल तर त्या वेगाने सोळा-सतरा मिनिटं. सबंध सिनेमा एका डब्यात मावणार नाही, निघालंच तर एक रीळ निघेल. हे आधीच सांगून ठेवते.

आता माझं खरं म्हणणं. तुम्ही सगळा जीव डब्यात घातलाय आणि कागदांबद्दल एका ओळीत लिहिलंय. मला विचाराल तर डब्यात सैरंध्री असण्याची शक्यता फार कमी आहे, पण पणजोबा कोल्हापूरचे, पडदे रंगवणाऱ्यांतले, आणि त्याच ट्रंकेत जाहिरातीचे कागद आणि फोटो, ते मला जास्त खरं वाटतंय. हरवलेल्या मूकपटाबद्दल जे काही कळतं ते अशाच कागदांवरून. बाबुरावांनी १९२१-२२ च्या सुमारास सिनेमाच्या गोष्टीची, फोटो असलेली पुस्तिका छापायला सुरुवात केली, आपल्याकडे तसं करणारे ते पहिले, पोस्टरंही स्वतः रंगवायचे. म्हणजे ‘सैरंध्री’च्या वेळची पुस्तिका मिळणं अवघड, पण नंतर कुठल्या गावात परत लावला तेव्हाचं हँडबिल मिळू शकतं. त्या हँडबिलावर काय काय असतं माहितीये का, किती भाग, कुठल्या थिएटरात, तिकीट किती, बायकांची बसायची सोय वेगळी आहे का, पेटीवाला कोण, आणि कधी कधी सगळी गोष्ट सीनवार. सीनवार गोष्ट मिळाली तर वधाचा सीन कापल्यानंतरच्या प्रिंटमध्ये काय उरलं होतं हे कळण्याची सोय होते, आणि तसं काही मिळालं तर मी एका रिळाइतकीच उडी मारेन.

फोटो बघताना नाटकाचा कुठला आणि सिनेमाचा कुठला हे वेगळं करायचं असेल तर सावल्या बघा. सिनेमा तेव्हा उन्हात शूट व्हायचा, सेटला छप्पर नसायचं, वर पांढरं कापड ताणून ऊन मऊ करायचे, तेव्हा उजेड वरून येतो, नाकाखाली आणि भुवयांखाली सावली पडते, जमिनीवर प्रत्येकाची सावली एकाच दिशेला. नाटकातल्या नटमंडळींचे फोटो बहुतेक फोटोग्राफरच्या स्टुडिओत काढलेले, उजेड बाजूच्या खिडकीतून, पायाखाली गालिचा, मागे रंगवलेला पडदा आणि पडद्याची खालची घडी फरशीला टेकलेली दिसते. सैरंध्रीच्या वेषातल्या व्यक्तीचे हात आणि गळा बघा, पुरुष आहे का ते तिथे कळतं. मागची बाजू चुकवू नका, स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेला आकडा, काहीही असेल त्याचा फोटो काढा. कागद घडीवर तुटत असतील तर सेलोटेप लावू नका, कितीही मोह झाला तरी. लॅमिनेशन तर नाहीच नाही. ठाण्यात चौकाचौकात लॅमिनेशनवाले आहेत आणि प्रत्येक घरात एक काका असतात ज्यांना वाटतं की लॅमिनेट केलं म्हणजे जपलं. एका बाईंनी त्यांच्या आजोबांचं अशा पद्धतीने ‘जपलेलं’ नाटकाचं हँडबिल मला आणून दाखवलं होतं, आतली शाई उडून नुसती पिवळी चौकट राहिली होती.

नाटकाची संहिता तुम्ही वाचली नसेल तर वाचा. छापील मिळते, आणि तुम्हाला लांब जायला नको, स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारा, १८९३ पासूनची संस्था आहे, जुनी नाटकं आणि जुने अंक असायचेच. वाचताना पेन्सिल घेऊन बसा आणि जे जे बोलून सांगितलंय ते काट मारत जा. उरेल त्यातून बाबुरावांनी काय दाखवलं असेल याचा अंदाज येतो. तुमचा नातू नाटकाच्या ग्रुपमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय, त्या पोरांना करायला द्या हे, मजा येईल त्यांना.

किमतीचं. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. फिल्म विकायच्या भानगडीत पडू नका. नायट्रेट साठवायला परवाना लागतो, त्याचे वेगळे नियम आहेत, आणि जो कोणी रोख पैसे देऊन लगेच घेऊन जायला तयार असेल तो ती सांभाळणार नाहीये. कॉपीराइटची काळजी नको, सिनेमाला आपल्याकडे प्रदर्शनानंतर साठ वर्षंच संरक्षण, १९२० चा कधीच मोकळा झाला, १९३३ चाही. पण त्याचा अर्थ तुम्हाला हक्क मिळतात असाही नाही, तुमच्याकडे फक्त वस्तू आहे. कागद आणि पोस्टरांना मात्र बाजार आहे, लिलावात जातात, त्यात मी पडत नाही, तुमची वस्तू तुमचा निर्णय. एवढंच करा की विकायच्या आधी प्रत्येक कागदाचं दोन्ही बाजूंनी नीट स्कॅन करून ठेवा, मोबाईलच्या त्या कागद सपाट करणाऱ्या अॅपने नाही, सपाट काचेच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर, ६०० डीपीआयला.

डब्यासाठी पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या राष्ट्रीय फिल्म आर्काइव्हला ईमेल करा, आता ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाखाली (एनएफडीसी) आहे. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे, तेही अशा कामात आहेत. ईमेलमध्ये ‘हरवलेला मूकपट सापडला’ असं लिहू नका, तशा मेल त्यांना येतच असतात. रुंदी किती, वास कसला, कडेवर काय छापलंय, अंदाजे वजन, डबा कुठे ठेवलाय आणि तिथे किती गरम होतं एवढं लिहा आणि शेपटाचा फोटो जोडा. घर बिल्डरला ताब्यात द्यायची तारीख पण लिहा, म्हणजे घाई का ते त्यांना कळेल. ते माणूस पाठवेपर्यंत ट्रंक जिथे आहे तिथून खालच्या मजल्यावर आणा, एका माणसाने, जिन्यात सिगारेट ओढणाऱ्यांना आधी हाकलून. पॅकर्सवाल्यांच्या टेम्पोत ती घालू नका, आणि त्यांना आत काय आहे तेही सांगू नका.